सुतार वेस्टनचा आक्षेप

१८६५ सालच्या मे महिन्यात, लंडन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या जनरल कौन्सिलपुढे जॉन वेस्टन नावाच्या एका ज्येष्ठ सुताराने असे प्रतिपादन केले की, मजुरीचे दर सर्वत्र वाढले तर जिनसांचे भावही त्याच मानाने चढतील, कामगाराच्या पदरात शेवटी काहीच पडणार नाही, आणि म्हणून मजुरीवाढीसाठी झगडणाऱ्या संघटना कामगारांचे हित साधण्याऐवजी त्यांचा घातच करतात. वेस्टन हा रॉबर्ट ओवेनच्या पंथातला, सचोटीचा आणि आपल्या वर्गाविषयी मनापासून कळवळा असलेला मनुष्य होता. त्याचे म्हणणे कोणा गिरणीमालकाने पढवलेले नव्हते. त्याला उत्तर देण्यासाठी जो सभासद उभा राहिला, तो त्या वेळी 'भांडवल' या ग्रंथाच्या लेखनात आकंठ बुडालेला आणि आजाराने व कर्जाने गांजलेला होता. तरीही २० आणि २७ जूनच्या दोन बैठकींत कार्ल मार्क्सने त्या सुताराचा एकेक मुद्दा हाती घेतला, त्यामागची गृहीते उघड करून दाखवली आणि मग पायरीपायरीने त्यांचे खंडन केले.

वेस्टनने दृष्टांत दिला होता तो सुपाच्या भांड्याचा. ठरावीक माणसांनी ठरावीक सूप प्यावयाचे असेल, तर चमचे रुंद केल्याने सूप वाढत नाही, असा त्याचा अभिप्राय होता. मार्क्सने तो दृष्टांत झिडकारला नाही, उलट तोच पुढे चालवला: भांड्यात साऱ्या राष्ट्राच्या श्रमाचे उत्पन्न भरलेले आहे, आणि कामगारांच्या वाट्याला अधिक येत नसेल तर त्याचे कारण भांडे अरुंद असणे किंवा त्यातील जिन्नस अपुरा असणे हे नसून त्यांचे चमचे लहान असणे हे आहे. हे भाषण त्याच्या हयातीत छापले गेले नाही. त्याची कन्या एलिनॉर हिने सिद्ध केलेली आवृत्ती १८९८ साली निघाली, आणि 'मूल्य, किंमत आणि नफा' या नावाने ते पुढे जगभर वाचले गेले.

मार्क्सच्या विचाराची मूलतत्त्वे आपापल्या गावी चारचौघांनी एकत्र बसून अभ्यासावीत असे ज्यांच्या मनात येते, त्यांनी आरंभ या भाषणापासून करावा, आणि त्यातील सिद्धांताइतकेच त्या दोन बैठकींच्या रीतीकडेही लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. ज्या मंडळात वेस्टन नाही, म्हणजे ज्याला प्रामाणिकपणे पटलेले नाही आणि ते बोलून दाखवण्याची ज्याला पूर्ण मुभा आहे असा एकही सभासद नाही, ते मंडळ आणखी काहीही असू शकेल, पण अभ्यासमंडळ नव्हे.

मार्क्सच्या अर्थशास्त्राची प्रारंभीची मांडणीच मुळी कामगारांपुढे तोंडी झालेली आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. 'मजुरी आणि भांडवल' ही पुस्तिका म्हणजे १८४७ च्या डिसेंबरात ब्रुसेल्स येथील जर्मन कामगारांच्या मंडळापुढे त्याने दिलेली व्याख्याने होत. पुढे लंडनमध्ये हद्दपारीत राहत असता ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील कामगार शिक्षण मंडळात, शिंपी, घड्याळजी आणि चांभार अशा कारागिरांपुढे, त्याने अर्थशास्त्राचे पाठ दिले, आणि फळ्यावर सूत्रे मांडून, शंका विचारावयास लावून तो कसा शिकवीत असे याची हकिकत विल्हेल्म लीब्क्नेख्टने लिहून ठेवली आहे. 'भांडवल' प्रसिद्ध झाल्यावर डॉक्टर कुगेलमान याला पाठवलेल्या पत्रात त्याने कुगेलमानच्या पत्नीसाठी कोणती प्रकरणे आधी वाचावीत हेही कळवले आहे: कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी व यंत्रे, आणि शेवटी आदिम संचय. आरंभीचे मूल्यविषयक प्रकरण दुर्गम आहे हे ग्रंथकर्त्याला स्वतःलाच मान्य होते. आपल्याकडील कित्येक उत्साही मंडळी मात्र त्याच प्रकरणाच्या उंबरठ्यावर ठेच लागून परत फिरली आहेत.

याहून मोठी हानी दुसऱ्या एका वहिवाटीने झाली. १९३८ साली सोविएत पक्षाच्या इतिहासाचे जे संक्षिप्त पाठ्यपुस्तक निघाले, त्यात विरोधविकासी व ऐतिहासिक भौतिकवादावर स्तालिनच्या हातचे एक प्रकरण आहे, आणि पुढील अनेक वर्षे जगभरातील अभ्यासवर्गांचा साचा त्या प्रकरणाने ठरवून टाकला. पाण्याची वाफ होते म्हणून संख्येचे गुणात रूपांतर होते, समाज पाच अवस्थांतून जातो, पाया अमुक आणि इमला तमुक, अशी सूत्रे मुखोद्गत करून घेतली जाऊ लागली. प्रश्न पडण्यापूर्वीच उत्तर पाठ झाले की मनुष्याला प्रश्न पडेनासा होतो. ज्या विचारवंताने ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात बसून कारखाना निरीक्षकांचे सरकारी अहवाल पानापानाने चाळले, लिओनार्ड हॉर्नरसारख्या सरकारी अधिकाऱ्याच्या सचोटीचा मोकळेपणाने गौरव केला, आणि कामाच्या दिवसावरचे आपले सर्वांत जळजळीत प्रकरण त्या शासकीय दफ्तरातील पुराव्यावर उभे केले, त्याच्या नावाने अशी घोकंपट्टी चालावी हे मला फार क्लेशदायक वाटते.

मूलतत्त्वांपैकी ज्यावर मंडळाने सर्वांत अधिक वेळ घालवावा ते वरकड मूल्याचे होय, आणि ते बहुतेक ठिकाणी चुकीचे शिकवले जाते. मालक कामगाराला लुबाडतो, ठरलेल्यापेक्षा कमी देतो, मापात मारतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. तसे घडते यात शंका नाही, परंतु मार्क्सला सिद्ध करावयाचे होते ते याहून कठीण होते. त्याने गृहीत धरले की बाजारात प्रत्येक वस्तू आपल्या पूर्ण मोलाने विकली जाते, कोणी कोणाला फसवीत नाही, आणि तरीही नफा उत्पन्न होतो. तो कोठून येतो हा त्याचा प्रश्न होता. उत्तर असे की कामगार विकतो ती त्याची काम करण्याची शक्ती. त्या शक्तीचे मोल म्हणजे तो व त्याचे कुटुंब यांना जगण्यासाठी, उद्या पुन्हा कामावर येण्यासाठी आणि मुलांना वाढवण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंचे मोल. आणि ती शक्ती एकदा दिवसभरासाठी खरेदी केली की तिच्यापासून तिच्या स्वतःच्या मोलापेक्षा अधिक मोल निर्माण करून घेता येते. समजा, आठ तासांच्या दिवसात एखादी शिवणकाम करणारी बाई पहिल्या चार तासांतच आपल्या रोजाइतके नवे मोल कापडात घालते. मग उरलेल्या चार तासांचे काम कोणाच्या खाती जमा होते? करार कायदेशीर आहे, रोज ठरल्याप्रमाणे मिळाला आहे, हजेरीपटावर सही आहे, कोठेही फिर्याद करण्याजोगे काही नाही, आणि तरीही त्या चार तासांचे उत्पन्न तिचे नाही. दुष्ट मालकाच्या जागी सज्जन मालक आणला तरी हा हिशेब बदलत नाही, कारण तो व्यवस्थेचा हिशेब आहे. एखाद्या मंडळाने सबंध वर्षात एवढे एक जरी नीट समजून घेतले, आणि या सिद्धांतावर पुढील अर्थशास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेपही तितक्याच मनोभावे ऐकून घेतले, तरी त्याचे वर्ष सार्थकी लागले असे मी म्हणेन.

हा हिशेब आजच्या मराठी मुलखात पडताळून पाहावयाचा तर 'भांडवला'तील उक्त्या मजुरीवरचे छोटे प्रकरण काढावे. सोलापुरातील विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून घरी आणतात, घरच्या उंबऱ्यात बसून विड्या वळतात, आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. विड्या परत नेल्यावर ज्या नापास ठरतात त्यांचे श्रम वाया जातात. मार्क्सने दाखवून दिले आहे की, नगावर मजुरी ठरली की कामाचा दर्जा नगातूनच तपासला जातो आणि देखरेखीचा खर्च मालकाच्या माथ्यावरून उतरतो. कामाचा दिवस लांबवणे कामगाराला स्वतःच्याच हिताचे वाटू लागते, घरातली मुले हाताखाली येऊन बसतात, आणि एकेकट्याची कमाई क्षणभर वाढली तरी एकंदर दर खाली येण्याकडेच कल राहतो. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरून मोटारसायकलीने घरोघर जिन्नस पोहोचवणारा तरुण, ज्याला फेरीमागे पैसे मिळतात, ज्याचे वाहन, पेट्रोल आणि अपघाताची जोखीम त्याची त्यालाच सोसावी लागते, आणि जो आपण कोणाचा नोकर नाही असे समजून बारा-बारा तास फिरत असतो, त्याने हे प्रकरण वाचले तर त्याला आपलीच कैफियत कोणी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यासारखे वाटेल. अशा तरुणाने मंडळात येऊन हा सिद्धांत आपल्या बाबतीत कोठे लागू पडतो आणि कोठे अपुरा पडतो हे सांगावे. त्याचे ऐकणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

मराठी मुलखात या अभ्यासाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. रणछोडदास लोटवाला या मुंबईच्या धनिकाने समाजवादी ग्रंथ जमवले आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारख्या तरुणांना ते उपलब्ध करून दिले. १९२१ साली डांग्यांचे गांधी व लेनिन यांची तुलना करणारे पुस्तक निघाले, आणि पुढल्याच वर्षी त्यांचे 'सोशॅलिस्ट' हे साप्ताहिक सुरू झाले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात, ज्यात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले होते, गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि १९२९ च्या मार्च महिन्यात मीरत कटाच्या आरोपाखाली जे पकडले गेले त्यांत डांगे, घाटे, मिरजकर यांच्या बरोबरीने अर्जुन आत्माराम आळवे व कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबणारे कामगारही होते. बादशहाचे सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट केल्याच्या त्या खटल्यात पुस्तके, पत्रके आणि पत्रव्यवहार यांचे ढीगच्या ढीग पुरावा म्हणून दाखल झाले.

त्याच गिरणगावात, त्याच संपाच्या दिवसांत, एक आक्षेप असा उभा राहिला होता की ज्याचे उत्तर कोणत्याही युरोपीय पाठ्यपुस्तकात नव्हते. कापड गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आपले तोंड लावण्यास सवर्ण कामगार तयार नसत. दोघेही एकाच भोंग्याला उठत, एकाच मालकाला श्रमशक्ती विकत, दोघांच्याही श्रमातून वरकड मूल्य निघे, आणि तरीही धोट्यापाशी त्यांचा वर्ग दुभंगत होता. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्ट शब्दांत ठेवला. जाती म्हणजे श्रमाची विभागणी एवढेच नसून ती श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तीही उच्चनीचतेच्या पायऱ्यांनी, हा त्यांचा १९३६ चा सिद्धांत या अनुभवापासून दूरचा नाही. त्याच साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध तो पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. मतभेद मिटले नव्हते. १९५६ च्या नोव्हेंबरात, निर्वाणापूर्वी काही दिवस, काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांची तुलना करताना बाबासाहेबांनी दुःखाचे निदान बरेचसे स्वीकारून हिंसा आणि हुकूमशाही यांविषयीचा आपला विरोध स्वच्छपणे नोंदवला. महाडच्या सत्याग्रहाच्या पूर्वतयारीत राबलेले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी जातिप्रश्नाकडे लक्ष देण्याविषयी स्वपक्षापुढे आयुष्यभर आग्रह धरला. पुढे १९७८ साली शरद पाटलांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून मार्क्सला फुले-आंबेडकरांच्या पंक्तीला बसवले, त्यामागेही हीच तळमळ होती. मराठी अभ्यासमंडळाच्या वाचनात 'जातिनिर्मूलन' आणि १८८३ साली, म्हणजे मार्क्सच्या मृत्यूच्याच वर्षी, जोतीराव फुल्यांनी सिद्ध केलेला 'शेतकऱ्याचा असूड' ही दोन पुस्तके पुरवणी म्हणून ठेवून भागणार नाही. ती मुख्य पाठातच असली पाहिजेत.

ग्रंथप्रामाण्य आणि अभ्यास यांतील अंतर दाखवणारे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. डांग्यांनी येरवड्याच्या तुरुंगात असता एंगल्सने कुटुंबसंस्थेच्या उगमावर लिहिलेल्या पुस्तकातील अवस्था घेतल्या आणि वैदिक वाङ्मयातून त्यांचे दाखले काढून प्राचीन भारताचा इतिहास रचला; तो ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे अत्यंत परखड परीक्षण केले ते दामोदर धर्मानंद कोसंबींनी, जे स्वतः मार्क्सची पद्धती मानणारे होते. कोसंबींचा आक्षेप असा होता की, आधी निष्कर्ष ठरवून मग पुरावा त्यात कोंबणे ही मार्क्सची पद्धती नव्हे. त्यांनी स्वतः काय केले? गणिताच्या या प्राध्यापकाने पुण्याच्या आसपासचे माळ आणि टेकड्या पायी तुडवल्या, अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे वेचली, म्हातोबा आणि बोल्हाई यांसारख्या दैवतांची ठाणी व त्यांच्या यात्रांचे मार्ग तपासले, शेतकऱ्यांशी व मेंढपाळांशी बोलून त्यांच्या रूढी नोंदवल्या, आणि त्या आधारावर १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची जी प्रस्तावना लिहिली ती आजही वाचावी लागते. डांग्यांचे कामगार चळवळीतील कार्य मी यत्किंचित कमी लेखत नाही. परंतु अभ्यासाच्या बाबतीत अनुकरणीय कोसंबी आहेत, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

सोविएत राजवटीचा विषयही मंडळाने टाळू नये. १९३२-३३ चा युक्रेनमधील दुष्काळ, १९३६ पासूनचे मॉस्कोतील खटले आणि १९९१ चे विसर्जन या गोष्टी शत्रूंच्या अपप्रचारात जमा करून मोकळे होता येत नाही. मतस्वातंत्र्य नष्ट केल्यास क्रांतीचे काय होईल याची धोक्याची सूचना रोझा लुक्झेंबर्गने १९१८ सालीच तुरुंगातून लिहून ठेवली होती, आणि ती मार्क्सवादीच होती.

आता भीतीविषयी. २०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्याच्या उद्देशाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, आणि तेव्हापासून मार्क्सचे पुस्तक उघड्यावर वाचावे की नाही अशी शंका कित्येक सज्जनांना येऊ लागली असल्यास नवल नाही. या भीतीला लपूनछपून वाचणे हे उत्तर नव्हे. अभ्यास जितका उघडा, दिवसाउजेडी आणि विरोधकालाही बोलावून केलेला असेल, तितका तो स्वच्छ राहील. आणि सरकारनेही विचाराचे वाचन व हिंसेचे आयोजन यांतील भेद ओळखला पाहिजे, कारण ग्रंथाला मुद्देमाल मानण्याची मीरतमधील रीत स्वतंत्र देशाला शोभणारी नाही. ज्यांना मार्क्स अमान्य आहे त्या गृहस्थांनीही या मंडळांत जाऊन बसावे असे मी म्हणतो. व्यापारी, सहकारी पतपेढीचे कारकून, शेतीमालाचे अडते यांच्या व्यवहारज्ञानातून निघणारे आक्षेप ऐकल्याखेरीज मार्क्सचा अनुयायीही पक्का होत नाही.

यासाठी जागा शोधण्याची गरज नाही. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमान्वये अनुदान घेणारी वाचनालये महाराष्ट्रात गावोगावी आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या खोल्या सायंकाळी वर्तमानपत्रे चाळून झाली की रिकाम्या असतात. व्यवस्थापक मंडळाकडे अर्ज करून आठवड्यातून एक बैठक मागावी. एका बैठकीस सात-आठ पानांहून अधिक वाचू नये. एकाने मोठ्याने वाचावे, दर परिच्छेदानंतर थांबावे, आणि ज्याला समजले नाही त्याने प्रथम बोलावे. आधी वेस्टनला दिलेले उत्तर, मग 'मजुरी आणि भांडवल', त्यानंतर 'भांडवला'तील कामाच्या दिवसाचे आणि उक्त्या मजुरीचे प्रकरण, असा क्रम ठेवता येईल. वसंत तुळपुळे यांनी तो ग्रंथ मराठीत आणण्याचे प्रचंड काम केलेलेच आहे. त्याच्या जोडीला गावातील एखाद्या कारखान्याचा, बाजार समितीचा किंवा विडीच्या हिशेबपत्रकाचा प्रत्यक्ष जमाखर्च टेबलावर असावा. गोदावरी परुळेकरांनी १९४५ साली डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये काम सुरू केले तेव्हा वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणारे गडी) यांचा हिशेब त्यांना त्या आदिवासींच्याच तोंडून ऐकावा लागला होता, आणि तो ऐकल्यावाचून पुढचे पाऊल पडले नसते.

गोदावरीबाईंच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची वसाहत सोलापूरजवळ कुंभारी येथे आहे. तेथील बायकांना अशा मंडळात यावयाचे असेल तर संध्याकाळची सहाची वेळ त्यांना सोयीची नाही. तेव्हा चूल पेटवावयाची असते. मंडळाची वेळ ठरवण्यापूर्वी ती त्यांना विचारून घ्यावी.